बोंबील मांजरीने चोरले नव्हते

एका हाताने टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

मी मुलुंडला भाड्याने राहते, मालक वरच्या मजल्यावर. गच्चीवर वाळत घातलेले बोंबील माझ्या मांजरीने, चिमीने पळवले असं समजून आज दुपारी तो बांबू घेऊन थेट घरात घुसला. पहिला फटका चिमीच्या पाठीत. ती किंचाळत कपाटाखाली शिरली. मी आडवी गेले, तर दुसरा माझ्या मनगटावर.

"मांजर टाक, नाहीतर रूम खाली कर!"

तेवढ्यात त्याची आई धापा टाकत जिना उतरली. "अरे मेल्या, मियाच घातलंय तिका बोंबील! रोज घालतंय. माका मार!"

वाटलं, आता तरी थांबेल. नाही थांबला यार. सख्ख्या आईला मारलं त्याने.

आजी दारातच कोसळल्या. कपाळावरचं रक्त पदराने पुसत मलाच म्हणाल्या, "पोरी, पोलिसात जाव नको गो."

चिमीला डॉक्टरकडे नेऊन आणलंय, आजी यायलाच तयार नव्हत्या. तक्रार करायला मी तयार आहे, पण पोलीस आधी आजींनाच विचारणार आणि त्या नाकारणार. मी उद्या दुसरी रूम बघेन. आजी मात्र आजही त्याच्याच घरात झोपणार आहेत.

तुम्ही काय केलं असतं?