गाडीला लागलेली सवय

आमच्या घरात गाडी चालवता येते ती मला एकटीला. ह्यांना येत नाही, पण ती कशी चालवावी हे ह्यांच्याइतकं अख्ख्या लालबागमध्ये कुणाला कळत नाही. गाडी मुलाची, जुनीच. नोकरीसाठी बंगळुरूला जाताना तो विकायची म्हणत होता. मी म्हटलं, राहू दे, मी शिकते. पन्नाशी ओलांडल्यावर शिकले. चाळकऱ्यांनी गॅलरीत उभं राहून माझं रिव्हर्स बघितलंय, टाळ्याही वाजवल्यात, आणि त्यातल्या निम्म्या कुचकट होत्या. वाजवा म्हटलं, हात तुमचेच दुखतील.

शिकले ती आईसाठी. आई घोडपदेवला एकटी राहते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला व्यायामाला परळच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं. अंतर एवढंसं, म्हणून टॅक्सीवाला नाही म्हणतो. बसची पायरी तिला चढवत नाही. मी गेले नाही की आई खाटेवर बसून राहते आणि गुडघा पुन्हा आखडतो. त्यामुळे गाडी ही आमच्याकडे चैन नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ह्यांच्या अंगात माझे सासरे येतात. सासरे माझ्या वडिलांबरोबर गिरणीत होते, फिटर, आणि त्या दिवशी खात्यातल्या यंत्रांची पूजा करायचे. गेल्या वर्षी मी बॉनेटवर हार घालायला गेले तर ह्यांनी माझा हात धरला. "आमचे बाबा यंत्राची पूजा करायचे, यंत्राच्या पत्र्याची नाही!" असं म्हणून बॉनेट उघडलं, बॅटरीला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हार आत जिथे हात पोचला तिथे, दोन गाठी मारून बांधला. मी म्हटलं, "अहो, तिथे नको, गरम होतं सगळं." तर म्हणाले, "श्रद्धेला चटके बसत नाहीत." बरं बाबा, म्हटलं, आणि बॉनेट लावून टाकलं.

दसरा झाला, चार दिवस गेले, आणि गाडी बोंबलायला लागली. आईला घेऊन लालबागच्या पुलाखाली सिग्नलला उभी होते. क्लच दाबलेला, उजवा पाय ब्रेकवर, आणि इंजिन आपलंआपण चढत गेलं. कुणीतरी दुसरंच ॲक्सिलरेटरवर उभं असल्यासारखं. बाजूचा बाईकवाला म्हणाला, "आंटी, रेस लगानी है क्या?" म्हटलं, "तू हो पुढे, गाठते तुला." तोंडाने म्हटलं, पण हाताने हँडब्रेक खेचून धरला होता. मागून आई म्हणाली, "कित्याक बोंबालता गो ही?" मला काय ठाऊक!

घरी येऊन सांगितलं. ह्यांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "तुझा पाय जोरात पडतो."

"अहो, पाय ब्रेकवर होता."

"तुला तसं वाटत असेल."

मग शेवटच्या खोलीतून मोठे दीर आले. भावजी जन्मभर कंपनीच्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसून रिटायर झाले, त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं की ब्रेक कुठला आणि ॲक्सिलरेटर कुठला हे बायकांच्या पायाला कळत नाही. मी कांदा चिरायला घेतला, जरा जोरातच.

चिंचपोकळीच्या गॅरेजात गेलो तेव्हा हे बरोबर आले. आणि मेकॅनिकला पहिलं वाक्य काय, तर "मिसेस चालवतात." झालं! त्याने बॉनेट उघडायच्या आधीच मान डोलवली. "मग बरोबर आहे, साहेब." मग उघडलं, आत बघून कसला तरी नमस्कार केला, कुठलासा फिल्टर बदलला आणि गाडी परत दिली. जाताना मला म्हणाला, "ताई, पाय जरा हलका ठेवा." दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बोंबलली, आणि मी पाय हलकाच ठेवला होता.

त्या रात्री जेवताना कळलं की दोघा भावांचं ठरलंय. चावी भावजींच्या खिशात, आणि रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार. "कुणी चिरडायच्या आधी विकून टाकू," हे म्हणाले. ते मात्र मला लागलं. कारण त्या पुलाखाली माझ्याही मनात तेच आलं होतं. मग वाटायला लागलं, खरंच असेल का? आपलाच पाय पडत असेल, आणि आपल्याला कळत नसेल? आईला फोन केला तर म्हणाली, "जाऊ दे गो. मी ऱ्हवान घरात." फोन ठेवल्यावर रडू आलं, आणि ते सगळं रागाचं होतं.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गप्प करून द्यायला मेकॅनिकला बोलावलं होतं. चाळीच्या अंगणात गाडी, बॉनेट वर, भोवती पुरुषमंडळींचं कोंडाळं. मला जिन्यापाशी उभं केलं होतं. भावजी स्टिअरिंगवर बसले आणि चावी फिरवली. मिनिटभर बरं चाललं. मग त्यांनी एकदा ॲक्सिलरेटर दाबून सोडला, आणि इंजिनाने जो टाहो फोडला! वरच्या गॅलरीतली कबुतरं उडाली. भावजी घाबरले. त्यांनी दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडीच घातली.

मी जिन्यावरून ओरडले, "आता कुणाचा पाय आहे?"

मला वाटलं, संपलं. पण नाही हो! भावजींनी मांडी न मोडता खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सांगितलं, "गाडीला सवय लागलीय तिच्या पायाची."

आणि माणसांनी माना डोलवल्या! चांगली मोठी, शिकलेली माणसं. ह्यांनीसुद्धा डोलवली. त्यांच्या डोलणाऱ्या माना बघून माझ्या मनातली शंका तिथल्या तिथे मेली. माझा पाय जिन्यावर होता, आणि तिथे उभा राहूनही गुन्हेगार तोच! म्हटलं, सरका.

मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. पण दोरा कळतो, जन्मभर लोकांचे ब्लाऊज शिवलेत. आत बघितलं तर ह्यांच्या हारातले झेंडू जळून काळे पडले होते, पाकळ्या गळून गेल्या होत्या, आणि उरलेला दोरा घसरून एका छोट्या चाकाला गुंडाळला गेला होता. ॲक्सिलरेटर दाबला की एक तार ते चाक ओढते, एवढं मला ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी दाखवलं होतं. ते बिचारं मागे यायला बघत होतं, आणि दोरा ताठ होऊन त्याला अडवत होता. "बंद करा," मी म्हटलं. भावजींनी पहिल्यांदा माझं ऐकलं. घरातून कात्री आणली, दोरा कापला, एकेक तुकडा वेचून काढला.

"करा चालू. आणि दाबून सोडा."

इंजिन चढलं, उतरलं आणि खाली बसलं. इतकं हळू चालायला लागलं की वरच्या मजल्यावरचा रेडिओ ऐकू येत होता.

मेकॅनिक म्हणाला, "दोरा मी बघितला होता, ताई. पण देवाचा. हात कसा लावणार?" म्हणजे मला उपदेश करताना ह्याने सगळं बघितलेलं होतं! हे पुढे झाले, दोऱ्याच्या तुकड्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "पूजेचा हार कात्रीने कापू नये." मी नुसतं बघितलं ह्यांच्याकडे.

मी भावजींच्या बाजूचं दार उघडलं. "उतरा. चावी असू दे तिथेच."

"अगं, आता गिऱ्हाईक येईल."

"येऊ दे. चहा पाजा त्याला."

गिऱ्हाईक आलं तेव्हा गाडी घोडपदेवला होती. आईला मागे बसवून सगळी हकिगत सांगितली, तर ती हसून हसून आडवी झाली. मग डोळे पुसत म्हणाली, "हार काढूक नको? तुझो बापूस मशीन चालू करूच्या आदी हार काढून खिळ्याक लावी. तुझो सासरोय तसोच करी." सासऱ्यांची परंपरा ह्यांना बरोबर अर्धी आठवत होती. घरी येऊन मी ती पुरी करून सांगितली, जेवताना, भावजींच्या देखत. त्या दिवशी आमटीला कुणी नावं ठेवली नाहीत.

ह्या खंडेनवमीला हे तबक घेऊन खाली आले. बॉनेट उघडलं, हार घातला, हात जोडले. मग स्वतःच हार काढला आणि जिन्याजवळच्या खिळ्याला लावला. मी चावी घेऊन गाडीत बसायला निघाले, तर म्हणाले, "थांब. चप्पल काढ. पाय पुढे कर."

"कुठला?"

"उजवा. नाटकं करू नकोस."

गॅलरीत सगळी चाळ उभी होती, भावजीही होते. हे बंपरला धरून खाली वाकले आणि माझ्या अंगठ्याला हळदकुंकू लावलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना कुणापुढे असं वाकताना मी कधी बघितलं नव्हतं. काहीतरी खोचक बोलायचं ठरवलं होतं, ते विसरलेच.

"सरका बाजूला," एवढंच म्हटलं. "आई वाट बघतेय."

कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून त्या दिवशी घोडपदेवपर्यंत अनवाणीच गाडी चालवली.