भरून येणारा डबा

मुलाचा कॉलेजचा डबा एक दिवस भरून परत आला आणि तेव्हापासून माझं पोट दुखायला लागलं. ते दुखणं वैद्याला दाखवण्यातलं नव्हतं. कुणाला दाखवायचं नाही म्हणूनच इथं लिहिते.

मॅट्रिक होऊन तो पुण्याच्या कॉलेजात जायला लागला होता. बाहेरगावची पोरं पुण्यात खोली घेऊन राहायची आणि खानावळीत जेवायची. आमचा मात्र सकाळच्या गाडीनं चिंचवडहून जायचा आणि दिवेलागणीला घरी यायचा. पोरगा शिकतो याचा मला अभिमान होताच. पण शिकून रोज माझ्याच ताटात जेवतो याचा जास्त होता. विहिरीवर बायका विचारायच्या, "पुण्यात ऱ्हातो का गं?" मी म्हणायची, "छे, घरूनच जातो." तेवढं एक वाक्य मला न लाजता बोलता यायचं.

डबा पितळी, आतून कल्हई केलेला. त्यात भाकरी, कोरडी भाजी आणि ठेचा. घरी आला की तो डबा पडवीत ठेवायचा. त्या दिवशी घासायला उचलला तर जड लागला. उघडला तर आत नारळाच्या वड्या, सुरीनं आखून कापल्यासारख्या.

"हे रं काय?"

"मित्राच्या आईनं दिल्यात. दुपारी त्याच्या घरी बसून डबा खाल्ला. काकूंनी डबा धुतला, म्हणाल्या, रिकामा कसा पाठवायचा?"

रीत आमच्यातही तीच आहे. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये. पण हे भांडं माझं, त्यातली भाकरी माझी, ती खाल्ली माझ्या पोरानं. यात त्या बाईनं मधे यायचं कारण काय? वडी तोंडात टाकली. चांगली झाली होती, त्याचाच राग आला.

आता तिची वडी खाल्ली म्हटल्यावर मलाही काही पाठवणं आलं. मी शेंगांचे लाडू दिले, तर तिकडून साखरांबा आला. मी तिळाची चटणी आणि धपाटे दिले, तर सुरळीच्या वड्या आल्या. तसला पदार्थ मी कधी पाहिला नव्हता. चुलीपाशी बसून मी एक वडी हलक्या हातानं उलगडली, बेसनाचा पापुद्रा उजेडात धरून बघितला आणि दुसऱ्या दिवशी करायला घेतली. पीठ काही ताटावर पसरेना. शेवटी तसंच जेवायला वाढलं. मुलगा म्हणाला, "आई, पिठलं झकास झालंय." यांनी तर दुसऱ्यांदा घेतलं.

माझा हात खरा चालतो सुक्या बोंबलात. पण त्या घरात ते वर्ज्य. पैलवानाला एक हात बांधून कुस्तीत उतरवावं तशी माझी गत झाली होती.

हळूहळू ती बाई डब्यातून माझ्या घरात यायला लागली. एकदा तो जेवताना म्हणाला, "आई, भाजीत थोडा गूळ घालत जा ना."

"वांग्यात? गूळ?"

"काकू घालतात."

दुसऱ्या दिवशी घातला. यांनी पहिला घास घेतला आणि ताटाकडं बघितलं. "भाजीत गूळ कुणी सांडला गं?" पोरगा खाली मान घालून हसत होता. मला मात्र दोघांचाही राग आला.

पण खाण्याचं एक वेळ सोडून देता आलं असतं. मला खरं लागलं ते दुसरंच. ती बाई मॅट्रिक झालेली होती. पोरं घरी आली की ती विचारायची, आज कुठला तास झाला, काय शिकवलं. तो सांगायचा, "काकूंना सगळं कळतं." आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत होती, तेवढीच मी शिकले. मला विचारता यायचं ते एकच, "डबा संपवलास का?" तो "हो" म्हणायचा की आमचं बोलणं संपलं. तो नसताना मी त्याचं पुस्तक उघडून बघितलं. सगळं इंग्रजी. अक्षरांवर बोट फिरवून परत मिटून ठेवलं. तरी मनात ठरवलं होतं, एक दिवस मीही विचारीन, "आज काय वाचलंस, सांग बघू." वाक्य तोंडापर्यंत यायचं. पण पोटच्या पोराची लाज वाटायची. त्यानं सांगितलं आणि मला कळलंच नाही तर मी तोंड कसं करायचं?

संक्रांतीला त्या बाईनं हळदीकुंकवाला बोलावलं. पोरगाच मला घेऊन गेला. मी मनात धरली होती गोरी, भरल्या अंगाची, सोन्यानं मढलेली बाई. दारात आली ती किरकोळ, कानाशी केस पिकलेली, डोळ्यांना चष्मा. "या, या. कधीची वाट बघतेय तुमची. त्या धपाट्यांवरून आमच्याकडे भांडणं होतात हो!" ती बोलायला गोड होती. वाईट असती तर बरं झालं असतं.

मी दाराशीच उभी राहिले. मुलगा आत गेला, डोक्यावरची टोपी काढली आणि मागं न बघता हात वर करून खुंटीला अडकवली. खुंटी कुठं आहे ते त्याच्या हाताला पाठ होतं. मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हातानं पाणी घेऊन प्यायला. घरी तो मला हाक मारून पाणी मागतो.

तिळगूळ देताना ती म्हणाली, "ताई, एक विचारू? परीक्षेपर्यंत याला आमच्याकडेच राहू द्या ना. इथं वीज आहे, टेबल आहे. गाडीत वेळ जायचा नाही. दोघं मिळून अभ्यास करतील. मीही बसते त्यांच्याबरोबर."

बाकीच्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. "ह्यांना इचारते," एवढंच बोलले.

यांना विचारलं तर हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. कंदिलाखाली डोळं फोडून घ्यायचंत का त्यानं? फुकट सोय व्हतीया."

मी "व्हय" म्हटलं आणि गोठ्यात जाऊन बसले. म्हशीसमोर रडायला लाज वाटत नाही. पोरगा जाणार याचं रडू होतंच. पण तो तिकडं टेबलाशी बसणार, ती शेजारी बसून विचारणार, तो सांगणार, ती मान हलवणार, हे डोळ्यांपुढून जाईना. नऊ महिने पोटात मी वाढवला आणि आता त्याच्या डोक्यात काय चाललंय ते तिला कळणार.

जायचा रविवार ठरला. पत्र्याची पेटी भरली, वळकटी बांधली. मी दशम्या केल्या. जेवण झाल्यावर तो पेटीजवळ बसून राहिला. हे म्हणाले, "ऊठ की, गाडी जाईल."

"मी नाही जात," तो म्हणाला.

"आँ? आता काय झालं?"

"मी घरूनच करीन अभ्यास."

हे "खुळा हाय" म्हणत बाहेर गेले. माझ्या अंगात बळ आलं. वाटलं, जिंकले. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून मुद्दाम विचारलं, "का रं? तिथं वीज हाय, टेबल हाय."

"आई, काकू रोज विचारतात. आज काय वाचलं, सांग बघू. मित्राला पटापट येतं. मला अर्धं कळतं, अर्धं नाही. चुकलं की त्या समजावतात आणि परत विचारतात. पानावर बसल्यावरसुद्धा. घास उतरत नाही."

"आन् हितं?"

"इथं बरंय. तू काही विचारत नाहीस."

तो प्रेमानंच म्हणाला. वळकटी सोडली, पुस्तक घेतलं आणि पडवीत जाऊन बसला. मी भरलेल्या पेटीतून त्याचे सदरे काढून परत घड्या घालत राहिले. ज्या विचारण्यासाठी मी वर्षभर तिच्यावर जळत होते, त्या विचारण्याला तो भ्यायला होता. माझ्याजवळ भिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो माझ्याकडं राहिला. राहिला हे खरं. पण त्या बाईवरचं माझं जळणं काही कमी झालं नाही, उलट वाढलंच. पोरगं घाबरेल असा एक तरी प्रश्न तिच्याजवळ होता.

संध्याकाळी विहिरीवर शेजारीण म्हणाली, "काय गं, पोरगा पुण्याला त्या शिकल्याल्या बाईकडं ऱ्हायला जाणार व्हता ना?"

"न्हाई गेला."

"का?"

मी पोहरा विहिरीत सोडला. "त्याला घरचंच जेवण लागतं," मी म्हणाले.

"बघ की," ती म्हणाली, "आईच्या हाताची चव ती. शिकल्याली बाई कुठनं आणंल?"