‘ल’चा ‘ळ’ करणारा पेंटर

राहात्याजवळ एका गोठ्याच्या भिंतीसमोर तो मला भेटला. कानावर ब्रश, पायात रंगाने कडक झालेल्या चपला. मी एका इटालियन कंपनीचं पशुखाद्य इथे खपवायला निघालो होतो आणि तो आमची जाहिरात रंगवणारा पेंटर.

गाय त्याने झकास काढली होती. शेजारी फक्त खाद्याचं नाव टाकायचं होतं. मी ते मराठीत लिहून दिलं. त्याने कागद लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला आणि ब्रश डब्यात ठेवून दिला.

“साहेब, हे मी लिहिनार न्हाई. वाचनारा पहिलं इचारंल, कोन मेला?”

मी चपापलो. आमच्या इटालियन साहेबांच्या भाषेत मेला म्हणजे सफरचंद. मी इथलाच, पण वर्षभर ते नाव इंग्रजी अक्षरांतच वाचत आलो होतो.

“मग आता?”

“आता काय! ‘ल’चा ‘ळ’ करू. मेळा. लई मानसं जमल्यासारखं वाटंल.”

मी साहेबांना फोन लावून परवानगी काढेपर्यंत त्याने ‘ळ’ची दोन गोल वेटोळी काढूनही टाकली होती. आमचं नाव सावरणाऱ्या त्या माणसाचं नाव विचारायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं.

आज मेळा तालुकाभर खपतो. साहेबांना ‘ळ’ काही केल्या जमत नाही. इकडे आले की ते कुठल्यातरी गोठ्यात जातात, गाईच्या पाठीवर हात ठेवतात आणि आनंदाने म्हणतात, “मेला!”

गाईचा मालक दचकून आधी गाईकडे बघतो.