साडूभाऊंचा हात

“गेला! साडूभाऊ, हात गेला माझा! उजवा हात गेला हो!”

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी कॅनडातल्या वॉटर्लूच्या टेनिस कोर्टावर ही आरोळी उठली, तेव्हा शेजारच्या तळ्यावरची बदकं, जी पंधरा दिवसांनी दक्षिणेला जायची होती, ती तेव्हाच निघून गेली. बाजूच्या कोर्टावर खेळणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या दोन पोरांनी रॅकेटी टाकून नऊ-एक-एकला फोन लावला. मी जाळीवरून उडी मारून धावलो. म्हणजे उडी मारली, जाळीत अडकलो आणि उरलेलं अंतर जाळीसकट धावलो. जाऊन पाहतो तर साडूभाऊंचा हात खांद्यापासून नखापर्यंत जागच्या जागी. त्या हातात एक निळी कोरी रॅकेट, डाव्या काखेत त्यांची जुनी लाल रॅकेट, आणि चेहरा असा, की घरात कोणी गेल्याचं यांना आधी कळलंय आणि आम्हाला कळायचं आहे.

कॅनडात कोणाला ठसका लागला तरी आधी अग्निशामक दलाची गाडी येते. त्या वर्षी गावातले सगळे रस्ते एलआरटी नावाच्या नव्या ट्रामसाठी खणून ठेवलेले, त्यामुळे ती गाडी शेजारच्या केंब्रिज गावाला वळसा घालून आली असावी; पण आली. तिच्यातून सव्वासहा फुटी जवान उतरला.

“कुठे दुखतंय?”

“नो पेन,” साडूभाऊ म्हणाले.

“मग?”

“आय कॅनॉट फील—”

एवढं ऐकताच त्याने साडूभाऊंचा हात फळीला बांधून टाकला. वाक्याचा शेवटचा शब्द “डिफरन्स” असा होता. तो ऐकायला थांबला असता तर त्याचा वेळ आणि आमचा पुढचा हिवाळा वाचला असता.

माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्या उजव्या हाताइतका विद्वान अवयव उभ्या ओन्टारियोत दुसरा नाही. लोकांची डोकी शिकतात; यांचा हात शिकलाय आणि डोकं त्याच्या हाताखाली नोकरी करतं. ते मूळचे नागपूरचे. तरुणपणी युनिव्हर्सिटीकडून टेनिस खेळले. पन्नाशी उलटल्यावरही वॉटर्लूतले कॉलेजचे खेळाडू त्यांच्या सर्व्हिसपुढे आधी हसायचे आणि मग घाम पुसायचे. पोटापाण्यासाठी ते केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात दारं तपासतात. नव्या गाडीचं दार हातानं लावायचं आणि ते लागताना हाताला काय वाटलं ते सांगायचं, एवढंच काम. पण त्यांचा खरा धर्म शनिवार-रविवारी. नवी रॅकेट बाजारात यायच्या आधी कंपन्या दुकानांना नमुने पाठवतात. आमच्या गावातल्या टेनिसच्या दुकानाचा मालक, एक हंगेरियन म्हातारा, ते नमुने साडूभाऊंच्या हवाली करायचा. साडूभाऊ त्या रॅकेटी खेळून पाहायचे आणि अहवाल लिहायचे. तो अहवाल दुकानाच्या वेबसाइटवर आल्याशिवाय आसपासच्या चांगल्या खेळाडूंपैकी एकजणही रॅकेट घेत नसे.

अहवाल इंग्रजीत असायचा, पण आधी तो मला नागपुरीत ऐकावा लागायचा, आणि स्थळं पाहून आल्यासारखा असायचा. “सर्व्हिसला मोठी उदार आहे, पण व्हॉलीला चिक्कू.” “दिसायला नाजूक, पण समोरून जोराचा बॉल आला तं जागची हलत नाही. घरंदाज!” आणि एकदा एका फार गाजलेल्या रॅकेटबद्दल डोळे मिटून, “बाप्पा! बोलते फार.” ताकद, ताबा, फिरकी, मनगटाला आराम असे दहापैकी गुण द्यायचे. दहा त्यांनी कधी कोणाला दिले नाहीत. दहा दिले तर मग पुढच्या वर्षीची रॅकेट कशाला काढतील, असं त्यांचं म्हणणं.

या चाचण्यांत जाळीच्या पलीकडे मी असायचो. एवढे चांगले खेळाडू गावात असताना माझी निवड का, याचा मला बरेच दिवस अभिमान होता. शेवटी एकदा विचारलं.

“साडूभाऊ, प्रयोगात एक गोष्ट कॉन्स्टंट लागते,” ते म्हणाले. “तुमचा खेळ सुधरत नाही. पाच वर्षांत एका पैशानं सुधरला नाही. त्यामुळे फरक पडला तं तो रॅकेटचाच.”

मी पडत्या फळाची आज्ञा मानून कॉन्स्टंट राहिलो.

हात कोर्टावरच थांबता तर ठीक होतं. तो घरीही यायचा. एकदा ताईंच्या, म्हणजे माझ्या त्या थोरल्या मेहुणीच्या, लाटण्याला “बॅलन्स नाही” म्हणून त्यांनी दोन्ही टोकांना रॅकेटला लावतात ती शिशाची पट्टी चिकटवली. त्या दिवशी पोळ्या पौर्णिमेच्या चंद्रासारख्या आल्या हे खरं, पण पट्टी कशाची आहे हे कळल्यावर ताईंनी लाटणं, पोळ्या आणि साडूभाऊ असे तिन्ही जिन्नस बॅकयार्डात काढले. बर्फ काढायचं फावडं घ्यायला गेले की दुकानाच्या मधल्या वाटेत ते फोरहँड-बॅकहँड मारून पाहायचे. सुरक्षारक्षक येऊन उभा राहायचा, त्याच्याही हातात एक देऊन “तूच सांग” म्हणायचे. तो दुसरं घ्या म्हणून सांगायचा. मंडळाच्या गणपतीत अध्यक्षांशी हात मिळवताना यांनी तो हात पाच मिनिटं सोडला नाही. मग हळूच म्हणाले, “पकड चांगली आहे, पण आतून थरथर येऊन राहिली. साखर तपासून घ्या.” अध्यक्ष चिडले, हिंदीत दोन शब्द बोलले, तपासून आले, आणि पुढच्या वर्षी आरतीचं पहिलं ताट साडूभाऊंच्या हातात दिलं. प्रसादाचे मोदक मात्र स्वतः खाल्ले नाहीत.

मी हसतो, पण त्या हातामागे एक गोष्ट होती. साडूभाऊ कॅनडात आले तेव्हा इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आले होते. तिला इथे कोणी विचारलं नाही. जिथे अप्लाय करावं तिथे एकच प्रश्न, “कॅनेडियन एक्स्पीरियन्स आहे का?” दोन वर्षं त्यांनी एका गोदामात खोकी उचलली. नागपुरातली ओळख, मित्र, कपाटातले जिंकलेले कप, सगळं तिकडेच राहिलं. एका रविवारी कोणाची तरी उसनी रॅकेट घेऊन ते कोर्टावर उभे राहिले, चार सर्व्हिस मारल्या, आणि जाळीपलीकडून एक अनोळखी माणूस नुसता “वॉव” म्हणाला. अनुभव कुठला, हे त्याने विचारलं नाही. विमानातून येताना जे होतं त्यातलं इथे चाललं ते एवढंच, तो हात.

म्हणून ऑक्टोबरातल्या त्या रविवारी काय झालं ते नीट सांगतो. एका मोठ्या कंपनीने त्यांच्या लाडक्या लाल रॅकेटची नवी निळी आवृत्ती काढली होती. सोबत गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक. संपूर्ण नवा साचा, नवं विणकाम, आणि वर ठळक अक्षरांत, जाणकार खेळाडूला हा बदल पहिल्याच फटक्याला जाणवेल. साडूभाऊंनी दोन्हींत सारखी तार, सारख्या ताणाची बसवली. दर खेपेला मी पाठीमागून रॅकेट हातात द्यायची, जाळीपलीकडे पळायचं, त्यांनी न बघता खेळायचं. लाल, निळी, निळी, लाल. तासभर त्यांनी मारलं, कॉन्स्टंटने चेंडू कुंपणाबाहेरून आणले. शेवटी ते थांबले.

“निळी एक-दीड ग्रॅम जड आहे. बस. बाकी तीच आहे, साडूभाऊ.”

“मग लिहून टाका.”

“असं कसं लिहू? पहिल्याच फटक्याला जाणवेल म्हणते ते. जाणकाराला.” त्यांनी पुन्हा मारलं. पुन्हा मारलं. आणि मग ती आरोळी.

त्या दिवसानंतर त्यांनी रॅकेट धरली नाही. डॉक्टरने सुया टोचल्या. प्रत्येक सुई कळली. त्याने मज्जातंतूंच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. तज्ज्ञाची तारीख इतकी लांबची होती की तोवर हात आपोआप बरा तरी व्हावा किंवा साडूभाऊ रिटायर तरी व्हावेत. दुकानदाराला त्यांनी दोन ओळी लिहून कळवलं की यापुढे अहवाल मिळणार नाहीत. बाराच्या बारा रॅकेटी बेसमेंटमध्ये गेल्या. निळीकडे तर त्यांना बघवेना, म्हणून परत करायला ती माझ्या गाडीत टाकली. मी ती अर्थातच विसरलो.

थंडी वाढत गेली तसे साडूभाऊ आक्रसत गेले. ताई त्यांचे डोळे बांधून पुढे वाट्या ठेवायच्या. मूग, मसूर, तूर, हरभरा. ते बोटं बुडवून धडाधड बरोबर सांगायचे, आणि पट्टी सोडून म्हणायचे, “डाळ काय, कोणीही ओळखते.” कारखान्यात दार लावून झालं की शेजारच्या माणसाला विचारायचे, “तुला काय वाटतं?” वीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता. एका दुपारी ताईंनी मला फोन केला. म्हणाल्या, “अहो, हे आज भाजी घ्यायला गेले आणि दोन तोंडली हातात घेऊन नुसते उभे राहिले. माझी बहीण म्हणते तुम्ही मजेशीर बोलता. या ना जरा.” मी गेलो. माझे सगळे विनोद संपले, ते हसले नाहीत. जाताना मात्र दारापर्यंत आले आणि म्हणाले, “तुम्ही खेळत जा हो. माझ्यामुळे बंद नका करू.” हे वाक्य एखादा माणूस आपली शेती वाटून देताना म्हणेल तसं होतं. मी घरी येईपर्यंत गाडीतला हीटर लावायला विसरलो.

एप्रिलात बर्फ सरल्यावर त्यांची आज्ञा मोडवेना म्हणून मी एकटाच शाळेच्या भिंतीवर खेळायला गेलो. माझी रॅकेट सापडेना; डिकीत निळी होती. पहिलाच खालून येणारा चेंडू मारताना मी चेंडू सोडून कॅनडा मारला. रॅकेट डांबरावर खर्रकन घासली. आता ही भरून द्यावी लागणार म्हणून बघतो तर निळा रंग तळहाताएवढा उडालेला, आणि खाली लाल.

आधी वाटलं माझं बोट कापलं. चाटून पाहिलं. मग किल्लीने अजून थोडं खरवडलं. लाल. अजून थोडं. एक अक्षर आलं, मग दुसरं, आणि मग साडूभाऊंच्या जुन्या रॅकेटचं नाव सहीसलामत वर आलं.

मी वॉटर्लूतले तीन सिग्नल कोणत्या रंगाचे होते ते सांगू शकत नाही. साडूभाऊ ड्राइव्हवेवर हिवाळ्यात बर्फासाठी टाकलेलं मीठ झाडत होते. मी रॅकेट पुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही, नुसती वाकून पाहिली. मग खिशातून नाणं काढून स्वतः खरवडायला बसले, तिथेच, ओल्या ड्राइव्हवेवर, चांगल्या पँटमध्ये. ताई दारातून “अहो काय करून ठेवलं हे!” म्हणत आल्या आणि त्याही वाकल्या.

आम्ही तिघे तसेच दुकानात गेलो आणि त्या दीड ग्रॅमासकट सगळं सांगितलं. हंगेरियन म्हाताऱ्याने कंपनीच्या विक्रेत्याला फोन लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. विक्रेता बिचारा सरळ माणूस होता. त्याने सांगितलं, नव्या रॅकेटी कारखान्यातून वेळेवर आल्या नव्हत्या. दुकानांना काहीतरी दाखवायला हवं म्हणून पहिल्या खेपेला मागच्याच वर्षीच्या रॅकेटींवर निळा रंग मारून पाठवला. एवढ्या खेळाडूंनी खेळून पाहिल्या. सगळ्यांना बदल जाणवला. तक्रार कोणाचीच आली नाही.

म्हाताऱ्याने फोन ठेवला, काउंटरवरचा तराजू पुढे ओढला आणि त्या निळ्या रंगाचे खरवडलेले कपटे साडूभाऊंच्या खिशातून काढून त्यावर मांडू लागला. सगळे जमले नव्हते, निम्मे ड्राइव्हवेवर होते. तरी काटा हलला. “रंगाचं वजन,” तो साडूभाऊंकडे बघत म्हणाला. “तुला रंगाचं वजन कळलं होतं.” ताई एकदम पाठ फिरवून मोज्यांच्या खोक्यांकडे बघत उभ्या राहिल्या. माझ्या मनावरचा सहा महिन्यांचा बर्फ असा एकदम घसरला की मी त्या दुकानात, गरज नसताना, मनगटाचे चार पट्टे विकत घेतले.

मग आम्ही कोर्टावर गेलो. जाळी अजून लावली नव्हती, कोपऱ्यात पाणी साचलेलं. साडूभाऊंनी जाळी नसलेल्या कोर्टावर त्या अर्धवट सोललेल्या रॅकेटने एकच सर्व्हिस मारली. चेंडू कुठे गेला मला दिसलं नाही. बराच वेळ ते हाताकडेच बघत उभे होते, गावाहून आलेल्या माणसाकडे बघावं तसे.

ताई गाडीत बसल्या होत्या. मी साडूभाऊंजवळ जाऊन विचारलं, “साडूभाऊ, एक सांगा. पहिल्याच दिवशी हात बोलला होता, तीच आहे म्हणून. अख्खं आयुष्य तुम्ही त्याच्या भरवशावर काढलं. त्या दिवशीच का नाही ऐकलं त्याचं?”

त्यांनी रॅकेटची मूठ शर्टाला पुसली.

“छापलेलं होतं ना,” ते म्हणाले.