चहा संपायच्या आत शाळा

दांडी या मच्छीमार गावच्या जागृतीला कुणी ‘जमणार नाही’ म्हटलं की तिच्या अंगात वारं शिरतं. भट्टीचे मालक तात्या नेमकं तेच म्हणाले.

बोईसरबाहेरच्या त्यांच्या वीटभट्टीवर जव्हारकडून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांची अठरा पोरं उन्हात हुंदडत होती आणि जागृतीला त्यांच्यासाठी शाळा हवी होती. कायमची जागा मिळणार नाही, तात्यांनी बजावलं. विटा आज इथे पाडतात, उद्या तिथे. मातीचा ट्रॅक्टर आला की माझा चहा संपायच्या आत मैदान मोकळं पाहिजे, नाहीतर शाळा बंद.

जागृतीने घरचे बोंबील वाळवायचे बांबू आणि वडिलांचं जुनं जाळं टेम्पोत घातलं. गाठी बांधल्या की शाळा उभी, सोडल्या की आडवी. एका बांबूला फळा, दुसऱ्याला झोपाळा, आणि मधलं जाळं चढायला. जाळं तिने दोनदा धुतलं होतं. वास येतोय का, असं आईलाही विचारलं. आईने छातीठोकपणे नाही म्हणून सांगितलं. दांडीच्या नाकांना बोंबील कुठला कळायला!

पहिल्याच सकाळी आसपासची झाडून सगळी मांजरं शाळेत दाखल झाली. पोरांची हसून हसून मुरकुंडी वळली. जागृती आधी खजील झाली, मग तिने मांजरंच मोजायला लावली. नऊ. दोन पळाली, राहिली किती? इतकी भराभर वजाबाकी तिने कुठल्याच वर्गात ऐकली नव्हती.

आठव्या दिवशी ट्रॅक्टर आला. तात्यांनी चहा ओतून घेतला. घाईत जागृतीला एक गाठ सुटेना; रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात सात वर्षांची बुधी पुढे झाली आणि तिने ती गाठ झटक्यात सोडवली. आधी फळा, मग जाळं, बांबू शेवटी, असं तिने सगळ्यांना कामाला जुंपलं. बघता बघता शाळा पोरांच्या डोक्यांवर चढली आणि पळत सुटली, मागून मांजरांची वरात. तात्यांना हसताना ठसका लागला. अर्धा चहा कपातच राहिला.

जागृती धापा टाकत पोचली. हे कुणी शिकवलं, तिने विचारलं.

“बाई, आमी घर बी असंच उचलतो,” बुधी म्हणाली. “दर साली.”

जागृती तिच्याशेजारी खाली बसली.

“आता शाळा कुठं ठेवायची?” बुधीने विचारलं.

“तूच सांग.”

बुधी गोंधळली. घर कुठं ठेवायचं हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तिने चहूकडे नीट पाहिलं, वेळ घेऊन पाहिलं, आणि मग चिंचेच्या दाट सावलीकडे बोट दाखवलं. अठरा पोरं ओरडत तिकडे धावली.