आतोबांचा किल्ला

देवाने हे जग निर्माण केलं ते कोणीतरी पाहावं म्हणून, आणि पाहणाऱ्यांना ते धड पाहता येत नाही असं लक्षात आल्यावर त्याने सवडीने आमचे आतोबा निर्माण केले, असं माझं ठाम मत आहे. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आतेचे यजमान. धंद्याने शिंपी. मालवणच्या बंदरावर त्यांचं दुकान होतं, दुकानात एक पायमशीन होतं, आणि मशीनवर बसलं की समोरच्या पाण्यात सिंधुदुर्ग दिसायचा. शिंप्याने दुकान कुठे थाटू नये, याचं याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही. बोटीतून उतरलेला एखादा परका माणूस धक्क्यावर बॅग ठेवून किल्ल्याकडे नुसता वळून बघायला लागला, की आतोबांचा पाय पायट्यावरून आपोआप उचलला जायचा. मग सदऱ्याचा एक हात सुईखाली तसाच अडकलेला, कात्री कापडाच्या मधोमध उघडी पडलेली, आणि दाराला पाटी: ‘मालक किल्ल्यात आहेत.’ पाटीत विनोद आहे हे त्यांना कधीच कळलं नाही. गावाला मात्र कळला होता. बंदरावर कोणी ‘मालक खंय?’ असं विचारलं, की ‘मालक म्हटल्यार किल्ल्यातच रवतले’ असं उत्तर मिळायचं.

मी एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास मालवणच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि पुढची काही वर्षं आतेच्या घरी राहिलो. त्या काळात आजच्यासारखे प्रवासी नव्हते. आठवड्याला चार-पाच माणसं येत. कोणी बदलीवरचा अंमलदार, कोणी कुणकेश्वरची जत्रा करून परतणारं कुटुंब, कोणी मुंबईहून चाकरमान्याबरोबर आलेला त्याचा ऑफिसातला मित्र. या सगळ्यांवर आतोबांचा हक्क असे. दाखवण्याचे ते पैसे घेत नसत, पण त्याहून कठीण असं काहीतरी घेत, ते म्हणजे परीक्षा. किल्ल्यात गेल्यावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींचं पाणी ते ओळीने प्यायला लावत आणि चवीतला फरक विचारत. ‘सारखंच लागतं की!’ असं म्हणणाऱ्या माणसाला पुढे तटावर नेत, पण त्याच्याशी बोलत नसत. महाराजांच्या हाताचा नि पायाचा ठसा दाखवताना ते स्वतः चपला काढून दूर उभे राहत आणि पाहणाऱ्याने किती वेळ पाहिलं याकडे बारीक लक्ष ठेवत. दोन फांद्या फुटलेल्या माडाखाली तर त्यांनी एका मामलेदाराला टोपी काढायला लावली होती. ‘साहेब, माडाक फांदी फुटणा नाय. हेका फुटली. टोपी काढा.’ साहेबांनी काढली.

त्यांनी स्वतः मालवणच्या बाहेर फारसं काही पाहिलेलं नव्हतं. कुडाळच्या बाजाराला कापड आणायला जात, त्यापलीकडचं जग त्यांना ऐकून ठाऊक. पण म्हणून मत बनवायला अडचण येत नसे. कोणी ताजमहालाचं नाव काढलं की विचारत, ‘ताजमहालाक समुद्र आसा? नाय मां? मगे?’ वेरूळचा विषय निघाला तर, ‘लेण्यांक भरती येता?’ एकदा एका पाहुण्याने तटावर उभं राहून, आमच्याकडच्या जंजिऱ्याचा तट याहून उंच आहे, असा शेरा मारला. आतोबा शांतपणे खाली उतरले, होडीत बसले आणि एकटेच परत आले. तो बिचारा दुसऱ्या होडीने तासाभराने आला. आतेने विचारलं तर म्हणाले, ‘तेका उंची बघूची होती. बघत बसांदे.’

पण खरा कहर झाला तो एका नवरदेवाच्या कोटाच्या वेळी. लग्न कुडाळला, दुपारच्या मुहूर्तावर, आणि कोटाला सकाळपर्यंत एकच बाही. नवरदेव दुकानावर आला तो पाटी लटकत होती. तो घाबरून होडी करून किल्ल्यात गेला. आतोबा तिथे बेळगावच्या एका वकिलाला बुरुज दाखवत होते. कोट त्यांच्या काखोटीला होताच. त्यांनी देवळाच्या पायरीवर बसून सुईदोऱ्याने दुसरी बाही जोडली, कोट नवरदेवाच्या अंगात घालून बघितला, आणि ‘हंयसर इलंस तर दहीबाव तरी बघून जा’ म्हणून त्या मुलाला वकिलाच्या मागोमाग सगळा तट फिरवला. वऱ्हाड इकडे नारळ हातात घेऊन ताटकळलेलं. मुहूर्त गेला, दुसरा काढावा लागला. मुलीच्या बापाने सगळ्यांसमोर विचारलं, ‘होतात कुठे?’ नवरदेव म्हणाला, ‘किल्ल्यात.’ त्यावर मंडपात जो हशा झाला तो मी स्वतः ऐकला आहे. आतोबांचं म्हणणं एवढंच पडलं, की कोट अंगावर बसला बरा.

या सगळ्यात माझी आते कुठे होती, असा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. ती घरात होती. घर बंदरापासून जरा वर, चढणीवर. आतोबा ज्या कोणाला किल्ल्यातून घेऊन येत त्याला तिच्या हातचं जेवण असे. आधी कळवायची पद्धत नव्हती. चार माणसांच्या आमटीत आठ माणसं जेवली की ती स्वतःसाठी पेज उकडायची. रागावलेलं मी तिला पाहिलं नाही. फार तर म्हणायची, ‘ह्येंका सगळ्या जगाची वळख आसा, फक्त घरात तांदूळ किती आसत ता म्हायत नाय.’

एका वैशाखात मुंबईहून एक तरुण चित्रकार आला. दाढी, खांद्याला पिशवी, बोलायला अगदी थोडा. आतोबांना तो धक्क्यावरच सापडला आणि चित्रकार आहे हे कळल्यावर त्यांनी त्याला थेट घरीच आणला. त्यांच्या आयुष्यातली ही सर्वात मोठी संधी होती. आजवर त्यांनी दाखवलेलं लोक डोळ्यांत घेऊन जात आणि विसरत. हा ते कागदावर घेऊन जाणार होता. आठ दिवस दुकान बंद. किल्ला सकाळचा, किल्ला संध्याकाळचा, किल्ल्याचं भूमिपूजन झालं तो मोरयाचा धोंडा, देवबागेत खाडी नि समुद्र एकमेकांत मिसळतात ती जागा, तटावर फुटणारी लाट. चित्रकार सगळीकडे जाई, मान डोलवी, वहीत पेन्सिलीच्या चार रेघा ओढी. आतोबा रोज रात्री जेवताना विचारत, ‘मगे, रंग कधी काढतलात?’

नवव्या दिवशी त्याने रंग काढले. आतोबा त्याला उठवायला ओटीवर गेले तर अंथरूण रिकामं. शोधत शोधत मागीलदारी आले. तिथे आते कोकमाची सोलं करायला बसली होती. रातांबे फोडून सालं चटईवर वाळत घातलेली, ती उचलून रसात बुडवायची नि पुन्हा पसरायची. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत लालभडक झालेले, आणि समोर पाटावर बसून हा तिचं चित्र काढत होता. ती संकोचून म्हणत होती, ‘माझा कसला चित्र काढतंस रे झिला? आंगार बरां लुगडांव नाय.’ तरी हात चाललेच होते.

आतोबा दारातच उभे राहिले. मग म्हणाले, ‘आठ दिस तुमका सगळा मालवण दाखयलंय. आणि तुम्ही काढलात काय? आमच्या मागीलदारचे रातांबे!’

चित्रकार ब्रश न थांबवता म्हणाला, ‘काका, तुम्ही दाखवलंत ते सगळं पाहिलं. हे तुम्ही दाखवलं नाहीत.’

‘ह्यात दाखवूसारखां काय आसा?’ असं म्हणून आतोबा दुकानावर निघून गेले. चित्रकार तिसऱ्या दिवशी बोटीने परत गेला तेव्हा ते त्याला पोहोचवायलाही गेले नाहीत. मीच गेलो.

त्यानंतर माझी मुंबईला बदली झाली. दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्या पावसात आते गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त. नद्या भरलेल्या, गाड्या बंद. मी पोहोचलो तेव्हा बारावा झाला होता. आतोबा ओटीवर बसले होते. ‘बस’ म्हणाले. मग म्हणाले, ‘तिचो एक फोटो नाय रे.’ मला आठवलं. कोल्हापूरचा एक फोटोवाला एकदा घरी उतरला होता. दुपारी घरातल्यांचा फोटो काढायचं ठरलं होतं, आतेने ठेवणीतलं लुगडंही नेसलं होतं. पण सकाळी आतोबांनी त्याला किल्ल्यात नेलं आणि त्याच्याकडच्या फोटोच्या सगळ्या काचा तटावर संपल्या. आतेने संध्याकाळी लुगडं घडी करून परत पेटीत ठेवलं होतं. आम्ही तेव्हा खूप हसलो होतो. तीसुद्धा हसली होती.

दिवाळीनंतर त्यांचं कार्ड आलं. एकच ओळ: ‘तो चित्रकार खंय आसा, सोधून काढ.’ मी त्याचं शिक्षण झालं त्या शाळेत विचारत विचारत पत्ता काढला. दोन महिन्यांनी फोर्टातल्या एका हॉलमध्ये त्याच्या चित्रांचं प्रदर्शन होतं आणि ते चित्र तिथे लागणार होतं. मी कळवलं. आणि जो माणूस कुडाळच्या पुढे कधी गेला नव्हता तो बोटीने मुंबईला आला. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर मी हौसेने म्हटलं, ‘आतोबा, आज गेट वे बघू, उद्या म्युझियम.’ ते म्हणाले, ‘मी मुंबय बघूक येवंक नाय रे. तिका भेटूक इलंय.’

चित्र कोपऱ्यातल्या भिंतीवर होतं. आते खाली मान घालून बसलेली, लाल हात, चटई, मागे उघडं कुंपण नि माडांची खोडं. आतोबा समोर उभे राहिले. कोट त्यांनी स्वतः शिवलेला, नवा. ते कितीतरी वेळ हलले नाहीत. तेवढ्यात एक बाई आपल्या मैत्रिणीला म्हणाल्या, ‘लाल जरा जास्तच झालाय नाही? रक्तासारखा वाटतो.’

आतोबा वळले. ‘रक्त नाही बाई ते. रातांब्याचा रस आहे तो,’ ते परक्यांशी बोलायच्या आपल्या ठेवणीतल्या मराठीत म्हणाले. ‘इकडे या. इथून बघा. तिथून तिचा चेहरा दिसत नाही.’ आणि त्यांनी दाखवायला सुरुवात केली. सालं रसात किती वेळा बुडवतात, ऊन कुठून येतं, हात धुतले तरी लाली आठ-आठ दिवस कशी जात नाही. आजूबाजूची माणसं जमली. कोणीतरी विचारलं, ‘तुम्हाला एवढं कसं माहीत?’ ते म्हणाले, ‘ही माझी बायको.’

बोलता बोलता त्यांचं बोट चित्राच्या वरच्या कोपऱ्याशी गेलं आणि थांबलं. दोन माडांच्या मध्ये निळी पट्टी होती, आणि त्या पट्टीवर नखाएवढी काळसर रेघ. ते चष्मा सारखा करून जवळ वाकले. ‘ह्यां काय?’

चित्रकार मागेच उभा होता. ‘किल्ला,’ तो म्हणाला. ‘तुमच्या मागीलदारातून दिसतो ना. मला काकूंनीच दाखवला. म्हणाल्या, हंयसून बघ, बरो दिसता. मी विचारलं, तुम्ही आत जाऊन आलात का? तर म्हणाल्या, जावचा आसा एकदा. ह्येंका सवड झाली काय.’

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या मुलखाला त्यांनी तो किल्ला दाखवला होता. मीही इतकी वर्षं त्या घरात जेवलो होतो, आणि आते किल्ल्यात कधी गेलीच नाही, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

निघताना चित्रकाराने चित्र घरी न्या म्हणून आग्रह केला. आतोबांनी मान हलवली. म्हणाले, ‘नको. घरात एकटो मीच बघीन. हंयसर चार माणसां तरी बघतत तिका.’

पुढच्या मे महिन्यात मी मालवणला गेलो. आतोबा पुन्हा दुकानावर बसत होते, बोटीची वाटही पाहत होते, पण गावात एक नवीनच तक्रार होती: एकट्या पुरुषाला ते किल्ला दाखवत नाहीत. ‘बायलेक घेवन येवा, मगे बघूया’ म्हणतात. मी होतो तेव्हाच एक अंमलदार आला आणि हटूनच बसला. बायको साताऱ्याला, परवा पुढच्या गावी जायचं, कसंही करून किल्ला बघायचाच. आतोबांनी त्याला घरी आणलं. त्याला मागीलदारी पाटावर बसवलं, हातात सरबताचा पेला दिला आणि दोन माडांमधून पलीकडे बोट केलं.

‘तो बघा किल्लो,’ ते म्हणाले. ‘माझ्या बायलेन जल्मभर हंयसूनच बघलो. बरो दिसता.’

अंमलदाराला काही कळलं नाही. पण तो बराच वेळ बघत बसला, आणि आतोबांनी त्याला मध्येच एकदाही टोकलं नाही.