आमच्या साडूंच्या चवल्या

दारं नसलेल्या घरात राहून चांदी साठवणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याला मी काय करणार! साडूंचं घर शनिशिंगणापुरात. उंबरा आहे, चौकट आहे, चौकटीला झेंडूचं तोरण आहे. फळ्या तेवढ्या नाहीत. एक फुलाफुलांचा पडदा आहे, तोही कुत्रं आत येऊ नये म्हणून. अशा घराच्या कोनाड्यात, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, साडूंच्या चवल्या तीस वर्षं सुखाने नांदल्या. चवली म्हणजे दोन आण्यांचं जुनं चांदीचं नाणं. शर्टाच्या बटणापेक्षा थोडीशी मोठी, हातातून पडली तर शोधायला अख्खं घर ओणवं व्हावं लागतं. बरं, गृहस्थांची नोकरी कुठली, तर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर! जन्मभर उसाच्या ट्रॉल्या तोलल्या आणि जीव जडला तो दीड ग्रॅमच्या नाण्यावर.

"जमवायचेच तर चांदीचे रुपये का नाही जमवत?" असं मी एकदा विचारून बसलो. त्यांच्या ताटात पाय दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रुपाया कोनीबी जपतंय, पाव्हनं. चवली जपनारं मानूस येगळंच असतंय." बाकीचे नाणीवाले साल बघतात, छाप बघतात, भिंग लावतात. आमचे साडू चवली आधी नाकाला लावतात. "ही हिंगाच्या डबीतली. घ्या, वास घ्या!" मला वास यायचा तो त्यांच्या तंबाखूचा, पण मी मान डोलवायचो. न डोलवून सांगतो कुणाला, जेवण लांबलं असतं. प्रत्येक चवलीची वेगळी कागदी पुडी, आणि पुडीवर शिसपेन्सिलीने लिहिलेलं: 'वडाळ्याची मावशी, हिंगाची डबी.' 'नेवाशाची शिलाईवाली चाची, सुयांची डबी.' 'सोनईची भाजीवाली, कमरेच्या पिशवीत.' कुठलीही म्हातारी दिसली की हे तिच्याजवळ बैठक मारणार, तिची सगळी दुखणी ऐकणार आणि मग हळूच विचारणार, "आजी, एखादी चवली हाय का वो जपल्याली?" बदल्यात स्टीलचा डबा द्यायचे, कधी लुगडं. माझ्या मुलीच्या लग्नात सगळ्या पंगती उठल्या तरी साडूंचा पत्ता नाही. शोधलं तर नवऱ्यामुलाच्या आजीपाशी मांडी ठोकून बसलेले! त्या माउलीने बटव्यातून काळीकुट्ट चवली काढून दिलीही. संध्याकाळी व्याह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे साडू आमच्या आईकडं पैसे मागत होते का हो?" पुढे वर्षभर मी व्याह्यांची नजर चुकवत होतो.

एवढं करून चवली कधी धुवायची नाही, पुसायची नाही. "त्यो काळेपना म्हंजी त्या बाईचा हात हाय," असं त्यांचं म्हणणं. बायकांना वाटतं, आपण ह्यांना नुसती चवली दिली. ह्यांना मात्र चवलीबरोबर बाईच मिळाल्यासारखी वाटते, असं मी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणालो होतो. तिने मला चहा दिला नाही.

यंदाच्या शनी अमावास्येला मात्र साडूंचा धीर सुटला. गावात मुंगीला शिरायला जागा उरणार नव्हती. आदल्या दिवशी ते डबा घेऊन थेट नगरला, आमच्याकडे हजर. "गावावर इस्वास हाय, देवावर तर हायेच. पर येवढी बाहीरची मानसं..." पुढचं त्यांना स्वतःलाच बोलवेना. आमच्या घराला लाकडी दार, त्यापुढे जाळीचं दार, दोन कुलुपं आणि वर कॅमेरा. सगळं हाताने चाचपून बघून साडू निर्धास्त परत गेले.

चौथ्या दिवशी ते डबा न्यायला आले. सुनंदा स्वयंपाकघरातून डबा घेऊन आली तीच हसत. दाजींच्या वस्तूची आपण काहीतरी सेवा करावी, असं तिच्या मनात आलं होतं. देवाची चांदी घासायला काढलीच होती, त्यात तिने या चवल्याही घेतल्या. टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन आदल्या दिवशी दुपारभर एकेक चवली घासली. कळकट पुड्या आज सकाळीच घंटागाडीत टाकल्या होत्या. डब्याचं झाकण उघडलं आणि चवल्या अशा लखलखल्या की बघतच राहावं.

"दाजी, बघा तरी! ओळखू येतात का?"

मी बनियनवरच चौकापर्यंत धावलो. घंटागाडी केव्हाच गेली होती. परत आलो तर साडू एक चवली नाकाला लावून बसलेले. ती खाली ठेवली, दुसरी घेतली. मग तिसरी. सगळ्यांना पेस्टचाच वास असणार. सुनंदाने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. "दाजी, काय करून बसले हो मी!" म्हणून ती रडायलाच लागली.

"अगं, रडतीस काय येड्यावानी? लई झ्याक निघाल्यात. माझ्याच्यानं जन्मात झालं नसतं." साडूंनी चहा मागितला, बरोबर खारी मागितली. "पुड्यांचं काय येवढं? गावोगाव हिंडतोच मी. पुन्यांदा इचारीन, वळखून घेईन, लिहीन." मग पेन्सिल मागून घेतली, वर्तमानपत्राचा तुकडा फाडला आणि एका चवलीची पुडी बांधून तिच्यावर लिहिलं: 'नगरची सुनंदा, दात घासायची पेस्ट.' ती रडता रडता हसली. मीही हसलो. त्यांनी चांगले दोन कप चहा प्यायला.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. डबा मांडीवर घेऊन साडू बाकावर बसले आणि तोंडातल्या तोंडात म्हणू लागले, वडाळ्याची मावशी, नेवाशाची चाची, सोनईची भाजीवाली... एकही नाव अडलं नाही. गाडी लागली तेव्हा उठत म्हणाले, "नावं समदी पाठ हायेत, पाव्हनं. कुनाची कोनती, तेवढं आता कळायचं न्हाई."

"पुन्हा विचारणार आहात ना सगळ्यांना?"

"कुनाला इचारू? त्यातली एकबी म्हातारी आता राहिली न्हाई." ते पायरी चढले, खिडकीशी बसले आणि बाहेर वाकून म्हणाले, "सुनंदाला ह्यातलं काय बोलू नका."

मी अजून बोललेलो नाही.